काळा रंग आत गेला

संक्रांतीच्या सकाळी शालनकाकूंनी चंद्रकळा नेसली आणि दोन श्वासांत ती पांढरीफटक झाली. साडीचा काळा रंग पदरावरून मुकाट वर चढला आणि त्यांच्या उजव्या नाकपुडीत शिरला. ही नाकपुडी दिवाळीपासून चोंदलेली होती, मधूनमधून रक्तही यायचं.

"अगं बाई, आई, आज पांढरं नेसलात?" सून प्रणिता म्हणाली. तोवर काकूंच्या मंगळसूत्राचे मणीही पांढरे पडले होते. काकू कुलथ्यांच्या, घर सोनाराचं. सोनं घासून पारखायचा सासऱ्यांचा काळा दगड देव्हाऱ्यात असायचा, त्याचा खडू झाला.

दगडाचं मेलं काय एवढं! पण संध्याकाळी नातवाचं बोरनहाण होतं आणि पोराचे डोळे काळेभोर. काकू तडक डॉक्टर बोठ्यांकडे गेल्या.

बोठ्यांनी नाकात दुर्बीण घातली. "काळं काही नाही, काकू. गुलाबी मांस वाढलंय. साधंच दिसतंय."

"माझं अख्खं घर आत गेलंय आणि म्हणे साधं! तुकडा काढा, तपासा. मी इथून हलायची नाही."

तुकडा काढला. तोही बिनरंगाचा. लॅबमधल्या बाईंनी तातडीने त्यावर एक खास रंग टाकला, तेव्हा कुठे तो कबूल झाला.

"मेलॅनोमा," बोठे हळूच म्हणाले. "काळा रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. नाकात क्वचितच होतो. त्यातून असा रंग लपवून बसला की आम्हीही फसतो. अडून बसलात ते बरं केलंत. सोमवारी ऑपरेशन करू." बोलता बोलता त्यांची मिशी पांढरी झाली.

"आणि तोवर?"

"तोवर तोंडाने श्वास घ्या."

घरी बोरनहाणाची तयारी झाली होती. काळं झबलं, हलव्याचे दागिने, गालावर तीट. काकू नाक चिमटीत धरून दारातच थांबल्या.

"आई, या ना," म्हणत प्रणिता बाळाला घेऊन पुढे आली. आजीला बघताच पोर झेपावलं. झेपावलेलं पोर दोन्ही हातांनीच धरावं लागतं. काकूंनी नाक सोडलं आणि त्याला धरलं.

दिवाळीपासून चोंदलेली नाकपुडी अलगद मोकळी झाली. टाळूवरच्या तेलाचा वास आला. किती दिवसांनी! काकूंना रडूच फुटलं. श्वास थांबेना.

आधी झबलं गेलं. मग तीट गेली. बाळ मान वर करून काळ्याभोर डोळ्यांनी आजीकडे टक लावून बघायला लागलं.