निकालानंतरचं दुखणं

आर्विल सायझमोरचा उजवा हात केंटकीच्या त्या अख्ख्या खोऱ्याला माहीत होता. त्या हाताने गुत्त्यात तिघांचे दात पाडले होते, आणि धाकटा भाऊ वर्लिन तर त्याच्या धाकातच लहानाचा मोठा झाला होता. आई गेल्यावर आर्विलने त्याला वाढवलं हे खरं. वाढवलं म्हणजे मक्याचा पाव आणि घेवड्याची आमटी वेळेवर घातली आणि मधल्या वेळात बडवलं.

चार वर्षांपूर्वी आर्विलच्याच आरागिरणीवर ओकचा एक ओंडका घरंगळून वर्लिनच्या पाठीवर आला. तेव्हापासून त्याला वीस पौंडांचं पोतंही उचलवत नव्हतं. पण पाठ बाहेरून धडधाकट दिसायची आणि तिथेच घात झाला. अपंग भत्त्याच्या सुनावणीत न्यायाधीशाने त्याच्याकडे जेमतेम मिनिटभर पाहिलं आणि निकाल दिला, की हा माणूस बसून करायचं काम करू शकतो. त्या डोंगरात बसून करायचं काम कुठे मिळतं, ते न्यायाधीशालाच ठाऊक. वर्लिनने अपील केलं. त्यालाही अकरा महिने होऊन गेले होते. त्याचे डॉक्टर, गोळ्या, पुढचं सगळं जगणं त्या अपिलावर अडून बसलं होतं.

ऑक्टोबरात एका सकाळी तो गावातल्या कचेरीत गेला आणि खिडकीपलीकडच्या ऑर्लीनबाईंना म्हणाला, "नवा अर्ज द्या. पहिल्यापासून करतो."

"तसं नाही होत, वर्लिन. अपील चालू असताना त्याच दुखण्यावर नवा अर्ज घेता येत नाही. आधी अपील मागे घे."

"मागे घेतलं तर?"

"तर ही चार वर्षं पाण्यात." बाईंनी चष्मा वर सरकवला. "हां, निकालाच्या तारखेनंतर अंगाला नवीन काही झालं असेल, मोठं, काम बंद पाडणारं, तर घेते. मग अपील चालू राहिलं तरी चालतं. तसं काही झालंय का तुला?"

"नाही," वर्लिन म्हणाला. असलं सरळ उत्तर देणारा माणूस कचेरीत नेहमीच मार खातो.

तिथून तो गिरणीवर गेला. ओढ्यावरचा पूल पावसाळी पुरात गेला होता, म्हणून गाड्या अलीकडे डांबरी रस्त्यावर ठेवून अर्धा मैल चढ चालत जावं लागे. तो तीनदा बसत बसत वर पोचला. आर्विल फळ्यांच्या ढिगावर बसून सँडविच खात होता.

"काय म्हणाली भवानी?"

वर्लिनने सगळं सांगितलं. आर्विलने शेवटचा घास गिळला, हात पँटला पुसले.

"नवीन काहीतरी. मोठं."

"हो."

"डावा हात चालेल?"

वर्लिन हसला. आर्विल हसला नाही.

"चार बोटं घेऊ. अंगठा ठेवू, अंगठा लागतो माणसाला."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"चार वर्षं पाठ पाठ करतोयस, नाटक्या! पाठ कुणाला दिसते? बोटं नसली की दिसतात. आंधळ्या न्यायाधीशालाही चाचपून कळतील." आणि त्याने उठून आरा चालू केला.

भयंकर गोष्ट ही, की तो हे भल्यासाठी करत होता. मदत म्हणजे काय ते आर्विलला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ठाऊकच नव्हतं. वर्लिन मागे सरला तसं त्याने त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. वर्लिन भुशात आडवा झाला. आर्विलने त्याला मानगुटीला धरून उभं केलं आणि डावं मनगट उजव्या मुठीत आवळून त्याला पात्याकडे ओढत नेलं.

"डोळे मीट. एका क्षणाचं काम आहे."

"सोड! आर्विल, सोड!"

वर्लिनने लाथा मारल्या, गुडघा मारला. दुसऱ्या हाताने त्याच्या डोळ्यात बोटं घातली, तोंडावर ठोसा हाणला. आर्विलचं नाक फुटलं, पण मूठ सुटली नाही. पातं वीतभरावर आलं. त्याचा वारा वर्लिनच्या बोटांना लागला, आणि तो भावाच्या मुठीला कडकडून चावला. दात हाडाला लागेपर्यंत चावला. आर्विल ओरडला, मूठ सुटली, आणि त्याने हिसडा देऊन हात मागे घेतला तो थेट पात्यात.

ओंडका कापताना जो आवाज यायचा तोच आला, फक्त आखूड. उजवा हात मनगटापासून तुटून भुशात पडला. आर्विल त्याच्याकडे बघत राहिला आणि मग गुडघ्यांवर कोसळला. रक्त पिचकाऱ्या मारत वर्लिनच्या तोंडावर उडालं.

वर्लिनने आरा बंद केला. कमरेचा पट्टा काढून आर्विलच्या कोपराखाली घट्ट आवळला. त्या खोऱ्यात फोन लागत नाही. खाली रस्त्यापर्यंत गेल्याशिवाय काही होणार नव्हतं, आणि आर्विलच्याने उभंही राहवत नव्हतं.

दोनशे तीस पौंडांचा भाऊ त्याने पाठीवर घेतला. पहिल्या उताराला पाठीत काहीतरी तटकन तुटल्याचं त्याला कळलं. ओढ्यात तो दोनदा पडला, आर्विलला केसांना धरून पाण्याबाहेर ओढलं आणि पुन्हा उचललं. शेवटच्या वळणावर डावा पाय बधिर झाला होता. तो त्याने नुसता फरफटत नेला. तोंडाने सारखी आर्विलला शिव्यांची लाखोली चालली होती, कारण शिव्या थांबल्या की आर्विल डोळे मिटायचा.

रस्त्यावर फोन लागला. रुग्णवाहिकेतल्या मुलीने विचारलं, "यांना इथपर्यंत कसं आणलं?" आर्विल राखेसारखा पांढरा पडला होता. ओठ हलले. "भावाने आणलं. पाठीवर. मोडक्या पाठीचा आहे तो. नाटकं नाही करत. तरी आणलं."

मुलीने ते लिहून घेतलं. अडतीस वर्षांत आर्विल वर्लिनबद्दल पहिल्यांदा चांगलं बोलला होता. रक्ताने माखलेला वर्लिन रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडला, आणि ते रडणं सुखाचं होतं.

तीन आठवड्यांनी दोघे एकत्रच कचेरीत गेले. आर्विलचा पहिला अर्ज, वर्लिनचा नवा. वर्लिनचा डावा पाय कायमचा लुळा पडला होता, कुबड्या आल्या होत्या. निकालानंतरचं दुखणं, मोठं, सगळं नियमात बसणारं.

"कसं झालं?" ऑर्लीनबाईंनी विचारलं.

"पायऱ्यांवरून पडलो."

बाईंनी लिहिलं. मग आर्विलच्या इस्पितळाच्या कागदांची पिशवी उघडून त्या वाचू लागल्या आणि एका कागदावर थांबल्या.

"हे तुझ्याच पडण्याच्या दिवसाचं आहे. भावाने पाठीवरून आणलं म्हणतात." त्यांनी आवाज खाली आणला. "वर्लिन, अपिलात तू शपथेवर लिहिलंयस, वीस पौंड उचलवत नाहीत. हे खरं असेल तर मला तुझ्या फायलीला लावावं लागेल. मग अपील संपलंच समज. खरं आहे का?"

वर्लिनने आर्विलकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याच्याने बोलवलं नसतं.

"नाही. तो चालत आला. स्वतःच्या पायांनी."

बाईंनी आर्विलकडे पाहिलं.

"हो," आर्विल म्हणाला. "रक्त गेलं होतं, बाई. बरळलो असेन."

बाईंनी तसं लिहून घेतलं. दोघांचे अर्ज आत गेले.

बाहेर गाडीपाशी आल्यावर आर्विलने वर्लिनला गळपट्टीला धरून दारावर आपटलं. कुबड्या खाली पडल्या. सवयीने उजवा दंड वर गेला, आणि बँडेज बांधलेलं थोटूक वर्लिनच्या गालापाशी येऊन थांबलं. दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. आर्विलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तू उचललंस मला," तो दात आवळून म्हणाला. "पुन्हा 'नाही' म्हणालास ना, तर डावा हात आहे अजून."