टेलरबाईंची लेक

"औषध दिसत नाही म्हणजे काय? डोळे तपासून घ्या की!" पलीकडच्या खाटेवरच्या काकू सिस्टरवर कडाडल्या.

"डोळे ठणठणीत आहेत माझे." सिस्टरने चाकांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. "हे तुमचं नाव. दिसतंय? आता औषधांवर बोट ठेवलं की म्हणतो, परवानगी नाही. काल डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली, तेव्हापासून हा तमाशा. तोवर कागदावर बघून देतेय ना मी!"

"माझी लेक करतेय दुरुस्त," खिडकीजवळून टेलरबाई म्हणाल्या.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण टेलरबाईंना विचारावं लागतच नसे. या हॉस्पिटलचे झाडून सगळे कॉम्प्युटर आपली लेक सांभाळते, हे त्यांनी दाखल झाल्या दिवशीच वॉर्डभर करून टाकलं होतं. जन्मभर शिलाई मशीन चालवून पोरीला शिकवलेलं; त्याचा टेंभा मिरवायला वॉर्डासारखी जागा नाही. ऐकणाऱ्यांना उठून जाता येत नाही. पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय आणि रिपोर्ट आज यायचाय, याबद्दल मात्र त्या अवाक्षर काढत नव्हत्या.

तेवढ्यात लेक आलीच. गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप, केसांचा अवतार.

"सिस्टर, तुमच्या नावाने आत जा बरं. माझ्या नावाने बघून उपयोग नाही, मला सगळंच दिसतं."

सिस्टरने आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. पुन्हा तेच, परवानगी नाही. लेकीने कपाळाला हात लावला आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या साहेबांचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता. "अहो, आजच्या दिवस सगळ्यांना सगळं उघडून द्या! उद्या निवांत बघू."

"नाही साहेब. औषधं कागदावर चालू आहेत, कुणाचं अडलेलं नाही. कुणी काय बघायचं ते कामावरून ठरलंय. एकदा सगळं उघडलं, की लोकांनी बघितलेलं परत झाकता यायचं नाही."

"तुम्ही फार ताणता बुवा."

"ताणते साहेब," म्हणून तिने फोन ठेवला. टेलरबाईंनी काकूंकडे असं बघितलं, जणू साहेबांना उत्तर त्यांनीच दिलं होतं.

मग लेकीला जवळ ओढून त्या पुटपुटल्या, "तुला सगळंच दिसतं ना ग? मग माझा रिपोर्ट बघ की. एवढंसं. कोण विचारतंय?"

"आई, दिसतं म्हणून बघायचं नसतं."

"मी तुझी आई आहे!"

"आणि बँकेतल्या मावशी तुझ्या जिवलग मैत्रीण होत्या. शेजारणीची कंबर किती भरली, म्हणून तुला विचारून विचारून दमल्या. सांगितलंस कधी?"

निम्म्या गल्लीची मापं टेलरबाईंच्या डोक्यात होती, पण एकीचं माप दुसरीच्या कानावर गेलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं, की त्या ओठांत टाचण्या धरायच्या आणि नुसतं "हूं" करायच्या. कार्टीने माझंच कापड मला विकलं, असं म्हणत त्या फुगून बसल्या. आतून मात्र सुखावल्या होत्या.

दुपारी जेवणाची गाडी आली. ती ढकलणाऱ्या माणसाला सगळे गाडीमामा म्हणत. गाडीवर कॉम्प्युटरचा छोटा पडदा होता, कुणाला मीठ कमी, कुणाला साखर बंद, ते सांगणारा. मामा रोज विचारायचे, "टेलरबाई, माझ्या पोटाला शर्ट शिवाल का?" आणि त्या रोज म्हणायच्या, "शर्ट कसला, तंबू शिवावा लागेल."

आज मामांनी पडद्याकडे बघितलं, मग टेलरबाईंकडे, आणि पडदा चटकन उलटा केला. ताट दोन्ही हातांनी अलगद ठेवलं. स्वतःच्या खिशातलं सफरचंद काढून बाजूला ठेवलं.

"जेवा हं ताई. पोटभर जेवा," म्हणाले आणि मान वर न करता गाडी पुढे ढकलून गेले.

ताई! रोज टेलरबाई म्हणणारा माणूस आज ताई म्हणाला. अंगावर कपडा चढवून बघणाऱ्या बायकांचे चेहरे वाचण्यात टेलरबाईंची हयात गेली होती. हा चेहरा त्यांना लगेच वाचता आला. गाठ वाईट निघाली. त्यांना मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोला! भिंतीकडे तोंड करून त्या बराच वेळ पडून राहिल्या. ताट तसंच निवलं.

मग त्यांच्या लक्षात आलं, की जे पोरीने सकाळपासून स्वतःच्याही डोळ्यांआड ठेवलं, ते मामांना दिसायचं कारणच नव्हतं. म्हणजे उसवलंय ते तिकडे, आणि पोर टाके घालतेय भलतीकडे. त्यांनी सफरचंद उशीखाली सरकवलं आणि सिस्टरला सांगून लेकीला बोलावून घेतलं.

"मामांच्या गाडीवरचा पडदा बघ ग. त्यांना जेवणापलीकडचं दिसतंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आज शर्टाचं नाव काढलं नाही त्यांनी."

टेलरबाई चादरीची सुरकुती काढत होत्या. लेक मामांच्या गाडीकडे पळालीच.

परत आली ती हसत. "सापडलं! स्वयंपाकघराचा रोल, म्हणजे कुणी काय बघायचं ते ठरवणारा गट, नव्या आवृत्तीत डॉक्टरांच्या रोलखाली जाऊन बसला होता, आणि सिस्टरांचा सगळ्यांच्या बाहेर. म्हणून सिस्टरांना औषधं नाहीत आणि मामांना सगळं. तू बोलली नसतीस तर मी इथेच गुरफटले असते."

"आणि मामा?"

"रडवेले झाले बिचारे. म्हणाले, कुणाचंतरी वाचलं गेलं. कुणाचं, ते मी विचारलं नाही."

सिस्टर स्वतःच्या नावाने आत गेली. काकूंची औषधं ओळीने पडद्यावर आली.

"गुणाची आहे हो लेक," काकू म्हणाल्या.

"मग सांगत काय होते मी!" टेलरबाई म्हणाल्या. आवाज जरासा कापला, पण काकूंना तो अभिमान वाटला, आणि तो होताही.

ऊन उतरताना डॉक्टर आले. हातात कागद. "यांच्यासोबत कोण आहे?"

लेकीने गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं. "मी. मुलगी."

ती खाटेच्या कडेला बसली. सकाळपासून एका बोटाच्या अंतरावर असलेलं उत्तर या पोरीने बघितलं नव्हतं, आणि आता बाकीच्या नातेवाइकांसारखीच घाबरून बसली होती. मामांकडून दुसऱ्या कुणाचं वाचलं गेलं असेल, असंच हिला वाटत राहू दे, टेलरबाईंनी ठरवलं.

"बोला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आम्हा दोघींनाही काही ठाऊक नाही."

डॉक्टर बोलू लागले. टेलरबाईंनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे डोळे मोठे केले, ओठ टाचण्या धरल्यासारखे मिटले, आणि लेकीचा हात घट्ट धरून ठेवला.