कव्हरवर नसलेलं नाव

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी टेप तुम्ही क्वचितच पाहिली असेल. तपकिरी, बोटापेक्षाही अरुंद, धातूच्या चकतीवर गुंडाळलेली. एका तळघरातल्या स्टुडिओत माझं काम सुरू झालं. तिथे पाच तरुणांचा बँड प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचा. त्यांचं एकेक गाणं वीस-बावीस मिनिटांचं, आणि दणका असा की भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं.

बँडच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. एका गाण्याच्या मधोमध सगळी वाद्यं थांबवून त्याला तीन मिनिटं नुसती अकूस्टिक गिटार हवी होती, विजेशिवाय वाजणारी. पण त्याचा हात बसलेला इलेक्ट्रिक गिटारवर. अकूस्टिकच्या जाड तारांवर बोटं अडखळायची. दुपारपर्यंत चौदा वेळा वाजवून झालं. तेवढ्यात त्याची थोरली बहीण जेवणाचा डबा घेऊन आली. लहानपणी त्याला गिटार तिनेच शिकवली होती.

"ताई, एकदा वाजवून दाखव. माझं कुठे चुकतंय ते कळेल," तो म्हणाला.

ती स्टुलावर बसली आणि वाजवू लागली. रेकॉर्डिस्टने मशीन बंद केलंच नव्हतं. तिचं वाजवणं माझ्यावर उतरलं आणि तेच रेकॉर्डवर गेलं. कव्हरवर नाव मात्र कप्तानाचं छापलं. रेकॉर्ड गाजली. लोकांनी वाखाणली ती नेमकी तीच तीन मिनिटं. बहिणीने एकदाच विचारलं, तेव्हा तो हसत म्हणाला, "घरातल्या घरात कसलं नाव लावायचं?"

पुढे स्टुडिओ बंद पडला. कप्तानाच्या माळ्यावर, गळक्या पाइपाखाली मी तीस वर्षं पडून होते. माझा डबा गंजला, कडांना बुरशी धरली. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग एक निवृत्त ग्रंथपाल आले. असल्या दणदणीत रेकॉर्डांमध्ये दडलेले अकूस्टिक तुकडे शोधायचे आणि त्यांची यादी करायची, हा त्यांचा छंद. कप्तानाने मला खुशाल देऊन टाकलं. माझ्यात काय आहे हे तो विसरूनच गेला होता. ग्रंथपालांनी मला मऊ फडक्याने इंच इंच पुसलं आणि मशीनवर लावलं. आधी कप्तानाचं "ताई, एकदा वाजवून दाखव" ऐकू आलं, मग बहिणीचं वाजवणं. ते तडक मला घेऊन ताईंकडे गेले.

ताई आता सत्तरीच्या. त्यांनी डोळे मिटून तिन्ही मिनिटं ऐकली.

"मध्ये एक सूर हुकलाय," त्या म्हणाल्या. "हेच ठेवणार आहेत असं कुणी सांगितलं असतं, तर मी परत वाजवलं असतं."

त्या रेकॉर्डनंतर आपण गिटारला हात लावला नाही, हेही त्यांनी सांगितलं. यादीत नाव घालायला त्यांची ना नव्हती. फक्त भावाला आधी कळवा म्हणाल्या.

ग्रंथपालांनी कळवलं. माझी नक्कल करून ठेवायच्या आतच, दुसऱ्या दिवशी, कप्तान येऊन थडकला. टेप माझ्या मालकीची आहे म्हणाला, कोर्टाची भाषा केली आणि मला उचलून घेऊन गेला. ग्रंथपाल घाबरले. महिन्याभराने यादी छापून आली, तेव्हा कप्तानाने ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. त्या तुकड्यापुढे त्याचंच नाव होतं.

आता मी त्याच्या कपाटात कुलपाआड आहे. मित्रांनो, टेपा कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून फिरवून बघा, एवढं तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात कुणी चांगलं वाजवलं, तर तिचं नाव त्याच दिवशी डब्यावर लिहा. नंतर कुणी लिहू देत नाही.