पांढरं उणं

मोजपट्टीने प्रुफाचं पान खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाला टेकेल इतका जवळ धरला. मग चष्मा पुन्हा खाली ओढला आणि हात लांब करून पाहिलं. जवळून काय नि लांबून काय, दिसत होतं ते एकच. कंसातल्या पहिल्या रकान्यात चार आकडे होते आणि चारही आकड्यांच्या आधी काळीकुळकुळीत उण्याची खूण होती. पान उलटलं, तर तिथेही तेच.

"मालक," ती म्हणाली, "जरा इकडे येता का?"

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. छापखान्यात ते तिला पडलं ते तिच्या डोळ्यांमुळे. दोन शब्दांत केसभर जागा जास्त पडली तरी तिला ती चार हातांवरून कळायची आणि ती नीट केल्याशिवाय बाईच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. कॉलेजातल्या सरांचं गणिताचं पुस्तक तिच्याकडे अक्षरजुळणीला आलं तेव्हा तर तिला खुराकच मिळाला. पानोपानी मॅट्रिक्स, म्हणजे मोठ्या कंसात ओळींनी आणि रकान्यांनी मांडलेले आकडे. ती त्यांना चौकटी म्हणायची. पण एखाद्या आकड्याला उणं लागलं की तो आपला उजवीकडे सरकायचा आणि अख्खा रकाना वाकडा दिसायचा. हे तिला कुठलं सहन होतंय! तिने युक्ती काढली. रकान्यातल्या ज्या आकड्यांना उणं नव्हतं त्यांनाही तिने उणं दिलं आणि त्या खुणेला रंग दिला पांढरा. पांढऱ्या कागदावर पांढरी खूण जागा अडवते, पण दिसत नाही. रकाने असे सुतात आले की सरांनी मुद्दाम विचारलं होतं, हे कसं जमवलंत म्हणून. तिने हसून वेळ मारून नेली होती.

आता छापखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. जुनी फाइल त्यात घेतली, तर त्याने पांढरं-काळं काही पाहिलं नाही, सगळं एकजात काळं करून टाकलं. बाईंची सगळी पांढरी पापं आता उजळ माथ्याने पानोपानी उभी होती.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला होता. जुन्या प्रकरणांची चिंता नव्हती, पहिली आवृत्ती समोर ठेवून ती दुरुस्त करता आली असती. पण शेवटची दोन प्रकरणं या आवृत्तीसाठी सरांनी नव्याने लिहिली होती, ती आजवर कुठेच छापलेली नव्हती. त्यांचा हस्तलिखित कागद आणि पहिली प्रुफं सरांकडे होती, आणि सरांनी मधल्या काळात घर बदललं तेव्हा ती रद्दीत गेली होती. एकूण एकशे बारा चौकटी. त्यात सरांचं उणं कुठलं आणि बाईंचं कुठलं, हे सांगणारं जगात काही उरलं नव्हतं.

मालक ओरडणारे नव्हते, तेच जास्त जड गेलं. त्यांनी एवढंच सांगितलं की महिनाअखेरपर्यंत पुस्तक मशीनवर चढलं पाहिजे, कॉलेजं सुरू होतायत. नाही जमलं तर ही दोन प्रकरणं वगळायची आणि जुनं पुस्तक आहे तसं छापायचं.

"सहा वर्षं घातलीत हो सरांनी त्यात," ती म्हणाली.

"मला का माहीत नाही?" मालक म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे निघून गेले.

शाळेत ती गणितात दोनदा नापास झाली होती. चौकटी तिला सुबक मांडता यायच्या, पण त्यांच्यात काय चाललंय याचा तिला गंधही नव्हता. तेव्हा सरांचे पाय धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पानं दोन प्रतींत काढून ती दुसऱ्या दिवशी सरांकडे गेली. दार काकूंनी, सरांच्या पत्नींनी, उघडलं. काम ऐकल्यावर त्या क्षणभर दारातच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या की सकाळचे येत जा, अकरापर्यंत बरे असतात. वय झालंय, थकत असतील, असा तिने सरळ अर्थ घेतला.

तिने सरांना पांढऱ्या उण्याची कबुली देऊन टाकली. सर रागावतील म्हणून तिने खांदे आवळून घेतले होते, पण ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग पेन्सिल घेऊन बसले आणि सपासप उणी खोडत सुटले. तासाभरात तीस चौकटी. तिचा जीव भांड्यात पडला. जाताना तिला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी आपण रात्रभर तळमळलो.

दुसऱ्या दिवशी घाईत तिने पिशवीतून चुकून दुसरी प्रत काढली, कालचीच पानं, पण कोरी. तिच्या लक्षात येईपर्यंत सर कामाला लागले होते. कशाला थांबवायचं, म्हणून ती गप्प राहिली. छापखान्यात येऊन दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. काल खोडलेली उणी आज शाबूत होती आणि काल राखलेली आज खोडलेली. तीसपैकी जेमतेम आठ चौकटी जुळत होत्या.

तिसऱ्या दिवशी काकूंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी सांगितलं की वर्ष झालं, यांचं विसरणं वाढतच चाललंय. डॉक्टरांनी नाव सांगितलंय, उपाय नाही सांगितला. सरांना स्वतःलाही अधूनमधून कळतं, आणि ते दिवस सगळ्यात वाईट.

"कॉलेजात कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "तेवढं पुस्तक निघू दे."

आता बोला! दुसऱ्या कोणा प्राध्यापकाकडे जायची वाटही बंद झाली. ती बाहेर येऊन सरांसमोर बसली. काय करावं सुचेना, म्हणून काहीतरी विचारायचं तसं तिने विचारलं की सर, हे खरं कुठलं आणि खोटं कुठलं, तुम्ही ठरवता तरी कसं?

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. पाठ ताठ झाली, आवाज बदलला.

"डावं बोट या ओळीवर ठेवा. उजवं त्या रकान्यावर. डावं आडवं चालेल, उजवं खाली उतरेल. दोघं जिथे जिथे थांबतील तिथल्या आकड्यांचा गुणाकार करायचा, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. ती पलीकडच्या चौकटीत लिहिलेली असते."

तिने बोटं ठेवली. ओळीत उणे दोन आणि उणे तीन होते, रकान्यात चार आणि एक. पलीकडे उत्तर होतं पाच, त्याला उणं नव्हतं. बे चोक आठ, तीन एके तीन. आठातून तीन गेले की पाच राहतात. म्हणजे तिनाचं उणं खरं आणि दोनाचं तिचं, पांढरं. ती त्या पाचाकडे बघतच राहिली. पंधरा वर्षं ही चिन्हं तिने मांडली होती, आणि ती एकमेकांशी बोलतात हे तिला आज कळत होतं.

सरांना काल काय खोडलं ते आठवत नव्हतं, पाच ओळींचा हिशेब डोक्यात धरता येत नव्हता. पण शिकवणं त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. ते काही जागचं हललं नव्हतं. रोज सकाळी दहाला ती जायची आणि रोज तोच प्रश्न विचारायची, आणि सर रोज नव्याने पहिला धडा द्यायचे, डावं बोट इथे, उजवं बोट तिथे. तीही रोज पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवायची. मग हळूच पुढचं विचारून घ्यायची. तीन ओळी असल्या तर काय, अपूर्णांक आला तर काय. एखादे दिवशी सर इतके रंगात यायचे की काकू चहा घेऊन दारातच थांबायच्या.

सर खुणा करायचेच. त्यांच्यासाठी ती वेगळी प्रत नेई आणि खऱ्या प्रतीवर छापखान्यात बसून स्वतः काम करी, एकेक चौकट, दोन्ही बाजूंनी पडताळून. सुरुवातीला एका चौकटीला अख्खी दुपार जायची, नाकी नऊ यायचे. मग दिवसाला तीन होऊ लागल्या, मग सात. घरी जेवताना तिची बोटं फरशीच्या चौकोनांवरून फिरत. नवऱ्याने विचारलं, फरशी बदलायचा बेत आहे की काय? तिने सांगितलं, गणित करतेय. तो बिचारा घास हातात धरून बघत राहिला.

काकूंनी एकदा विचारलंच, की यांच्या खुणांचं तुम्ही काय करता.

"जपून ठेवते," ती म्हणाली.

काकूंनी कप उचलले आणि आत नेले.

महिना संपायला तीन दिवस राहिले असताना एकशे अकरा चौकटी झाल्या होत्या. शेवटची मात्र हटून बसली. वरची ओळ जमवली की खालची बिघडायची, खालची जमवली की वरची. उणी खोडून पाहिली, राखून पाहिली, सगळे प्रकार करून झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ध्यानात आलं की इथे उणं जास्त झालेलंच नाही, इथे ते कमी पडतंय. उजव्या कोपऱ्यातल्या आठाला उणं हवं होतं, आणि तिथे काळं-पांढरं कुठलंच नव्हतं. ते दिलं की सगळं कुलूप उघडावं तसं सुटत गेलं, खालच्या तीन ओळी बदलत गेल्या आणि उत्तर आलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला धडकी भरली, कारण सरांच्या लिखाणात हात घालायचा तिला काय अधिकार? आणि न घालावा तर सहा वर्षांच्या कामाच्या शेवटच्या पानावर चूक छापली जाणार, सरांच्या नावाने.

सकाळी ती पान आणि आपला हिशेबाचा कागद घेऊन गेली. सर खिडकीत बसले होते. आज त्यांनी तिला नुसतं बसा म्हटलं, पहिला धडा काढला नाही. तिने पान पुढे केलं.

"इथे एक उणं राहून गेलंय, सर. माझ्याकडून."

सरांनी पान घेतलं. बराच वेळ ते कोपऱ्यातल्या आठाकडे पाहत होते. मग त्यांची नजर खाली गेली, एक ओळ, दुसरी, तिसरी.

"टाइप करणाऱ्याची चूक जिथल्या तिथे राहते," ते म्हणाले. "ही पुढे तीन ओळी चालत गेलीय. ही माझी आहे."

तिला वर बघवेना. काकू हातातलं फडकं तसंच धरून दारात आल्या होत्या.

"खाली काय लिहिलंय?" सरांनी विचारलं. "वाचा."

तिने वाचलं, "शेवटच्या ओळीची बेरीज शून्य येते, हे वाचकाने स्वतः पडताळून पाहावे."

"पाहिलं कोणी?"

"मी पाहिलं."

"आली?"

"आधी नाही आली, सर. आठाला उणं दिल्यावर आली."

सरांनी तिचा कागद शेजारी ओढला. डावं बोट ओळीवर ठेवलं, उजवं रकान्यावर. दोन घरं चालून बोटं थांबली. सरांनी ती पुन्हा सुरुवातीपासून ठेवली, आणि बोटं पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले आणि थोडा वेळ बाहेर पाहत राहिले. पुढे होऊन ती बोटं आपण चालवावीत असं तिला वाटलं, पण ती जागची हलली नाही.

मग सरांनी पेन्सिल मागितली आणि आठाच्या आधी एक बारीक, सरळ रेघ ओढली. आता हा रकाना सरकणार, हे तेवढ्यातही तिच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. सरांनी पान उलटं करून कोपऱ्यात लिहिलं, छापा. या एका शब्दासाठी छापखान्याने आजवर महिना-महिना वाट पाहिली होती. तीनदा स्वतः तपासल्याखेरीज सरांनी तो कुठल्याही पानावर कधी लिहिला नव्हता, आणि हे मालकांपासून बाइंडरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आज त्यांनी तो लिहिला, तिला तारीख विचारली, ती घातली आणि खाली सही केली.

पान परत देताना त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही आमच्या कुठल्या बॅचच्या?"

तिने पान फाइलीत ठेवलं आणि फाइलीची दोरी बांधली.

"यंदाच्या, सर," ती म्हणाली.