दोन बोटांचा निरोप

उत्तम शिगवणच्या डाव्या हाताची दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, १९९२च्या मार्चमध्ये पॉवर प्रेसखाली गेली. डोंबिवलीत मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तो सहा वर्षं पत्रा कापत होता. हळदी-लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणं हा त्याचा छंद. जखम भरली, पण डाव्या हाताचे खर्जातले सूर गेले. नोकरी सोडून तो घरी बसला आणि कीबोर्डवर चादर पडली ती पडलीच.

त्याची बायको सुमती ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये सर्किटं सोल्डर करायला जायची. एक दिवस ती इलेक्ट्रॉनिक्सचं जुनं मासिक घेऊन आली.

“अहो, हे बघा. कीबोर्डच्या मागे ते पाच पिनांचं भोक आहे ना, मिडी लिहिलेलं? त्यातून बाहेरूनपण वाजवता येतं म्हणे. बटणं आपली आपण बनवायची. तुमच्या हाताला बसतील अशी.”

“मला कुठे येतंय त्यातलं?”

“सोल्डरचे डाग मी देते. तुम्ही लाकूड कापा.”

सुमतीच्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंगला वासंती नावाची डिप्लोमा झालेली बाई होती, राहायला डोंबिवलीतच. तिने सर्किटच्या आयसी चिपमध्ये प्रोग्राम भरून दिला आणि उत्तमला समजावलं, “या तारेतून आवाज जात नाही, शिगवण. फक्त निरोप जातो. कुठला सूर, किती जोरात, कधी सुटला. वाजतो तो कीबोर्डच.”

उत्तमने सागाच्या तुकड्याला तळहाताचा आकार दिला. उरलेल्या तीन बोटांसाठी तांब्याच्या तीन चकत्या बसवल्या, त्यांच्याखाली बटणं. सर्किटवर पाच बटणांची सोय होती, चौथी आणि पाचवी जागा रिकामी ठेवली. पहिल्यांदा जोडलं तेव्हा काही वाजेना. दोन तारा उलट लागल्या होत्या. त्या बदलल्या आणि अंगठ्याखालून स्वच्छ सा आला. त्या संध्याकाळी उत्तम जेवायला उठायलाच तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमती कामावर गेल्यावर तो पुन्हा बसला. हात अजून मांडीवरच होता, तेवढ्यात खर्जातले दोन सूर वाजले. एक, आणि त्याच्या मागोमाग दुसरा. थोडं थांबून परत तेच. ही चूक असणार, हे त्याला कळत होतं. पण प्रत्येक सुराच्या आधी नसलेल्या बोटांना मुंग्या येत होत्या, त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

रविवारी वासंती घरी आली. “रिकाम्या जागा हवेतलं काहीही पकडतात,” ती म्हणाली आणि तिने त्या जागा तारेने जोडून बंद करून टाकल्या. सूर वाजले. तिने ब्लेडने सर्किटवरच्या रेषा खरवडल्या. सूर वाजले. मग त्या जागांना जोडलेले आयसीचे दोन पायच कापले आणि तिघंही कान देऊन बसले.

सूर वाजले.

तिच्या टेस्टरच्या छोट्या पडद्यावर बटणांचे आकडे येत होते. चार, पाच. चार, पाच.

“निरोप इथूनच निघतोय,” वासंती हळू आवाजात म्हणाली. “पण आत यायला त्याला वाटच नाहीये.” तिने सामान आवरलं. चहा तसाच राहिला.

पुढच्या गुरुवारी सुमती तापाने घरी होती. अंथरुणात पडल्या पडल्या तिने ते ऐकलं. बरोबर आठला सुरू. बाराला बंद. साडेबाराला पुन्हा सुरू.

“अहो,” ती उठून बसली, “हे गाणं नाही. हे मशीन आहे.”

उत्तमचा पाय आपोआप त्या तालावर दबला. पेडल दाबलं की पत्रा कापणारा डाय खाली, सोडलं की वर. सहा वर्षं ऐकलेली चाल त्याला सुरांत ओळखता आली नव्हती.

“बोटं अजून ड्युटीवर आहेत,” तो म्हणाला.

शुक्रवारी औद्योगिक वसाहतीची आठवड्याची सुट्टी. दिवसभर एकही सूर आला नाही. शनिवारी भोंगा झाला आणि चार, पाच सुरू झालं. उत्तमने शर्ट चढवला आणि तो कारखान्यात गेला.

झाडलोट करणारी गंगुबाई गेटाशीच भेटली. त्याने सरळ विचारलं, “मावशी, माझी बोटं कुठे गेली?”

गंगुबाईने झाडू खाली ठेवला. “इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नाही रे. तुला घेऊन सगळे दवाखान्यात पळाले. मला भुग्यात सापडली. कचऱ्यात टाकवेनात. प्रेसच्या मागे जमीन उकरून पुरली, वर हळदकुंकू वाहिलं. महिन्याभराने मशीन मागे सरकवलं. फाउंडेशन ओतलं ते त्याच्यावरच.”

आतून प्रेसचा ठोका येत होता. प्रत्येक ठोक्याला उत्तमचा डावा हात खिशात आकसत होता.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. सुमतीने तारच उपटायला हात घातला. उत्तमने तो धरला.

“राहू दे. माझीच आहेत ती. दिवसभर राबतायत, आणि मी ऐकूपण नको?”

तीन वर्षं ते तसंच चाललं. आवाज बारीक करून उत्तम कीबोर्ड चालू ठेवायचा, आठ ते साडेचार. कधी उजव्या हाताने त्यांच्या चालीवर काहीतरी वाजवायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, रियाज चाललाय. सुमती मात्र त्या वेळेत त्या खोलीत बसत नसे.

१९९५च्या दिवाळीनंतर कारखाना बंद पडला आणि सूरही थांबले. प्रेस भंगारात गेली, फाउंडेशन फोडलं. गंगुबाई निरोप घेऊन स्वतः आली. उत्तमने तिने दाखवलेल्या जागी कुदळ मारली. तेलाने काळी झालेली माती निघाली, दुसरं काही नाही. त्यातली दोन मुठी माती रुमालात बांधून तो आणि सुमती खडवलीला भातसा नदीवर गेले. भर दुपारी गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने रुमाल सोडला. माती पसरली तसा त्याने डावा हात झटकन छातीशी घेतला.

“काय झालं?”

“गार लागलं,” तो म्हणाला. “बोटांना.”

ते दोन सूर पुन्हा कधी वाजले नाहीत. वासंतीला बोलावून त्याने नवीन आयसी बसवला, आणि चौथ्या-पाचव्या जागेला पायाने दाबायच्या दोन लाकडी पट्ट्या जोडल्या. खर्ज आता तो पायाने वाजवतो. ऑर्केस्ट्रातल्या लोकांना ते भारी वाटतं.

वाहतं पाणी मात्र त्याच्या नसलेल्या बोटांना सतत गार लागतं, अगदी मे महिन्यातही. त्याची आता सवय झालीय. पण जुलैत भातसा फुगली की हात खाली ओढला जातो, जोराने. मग तो वाजवणं थांबवतो. सुमती शेजारी येते. पाणी उतरेपर्यंत ती त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून बसते.