गोलाचा मान

चार मॅचेस झाल्या आणि आमच्या वलवणच्या टीमला एकही गोल मारता आला नाही. आमच्यावर अकरा झाले, त्याचं मला फारसं वाटत नव्हतं. बूटवाल्यांसमोर अनवाणी खेळायचं म्हटल्यावर गोल खायचेच. पण पाच फॉरवर्ड पुढे उभे करून चार मॅचेसमध्ये एकदाही बॉल जाळीत जाऊ नये? माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

मी स्वतः गुडघा निकामी होईपर्यंत खेळलो. हे मैदान आम्ही चौघांनी दोन उन्हाळे दगड वेचून केलं. जागा मात्र मुंबईच्या एका शेठची, त्याच्या बंगल्याच्या मागची. चौथ्या मॅचला त्यानं पाहुणे आणले, ते आम्हाला खो खो हसले, आणि शेठनं मला बोलावून सुनावलं, "अंबाजी, रविवारी देहूरोडच्या लष्करी डेपोवाल्यांवर एक तरी गोल करा. हरलात तरी चालेल. पण एक गोल. नाही झाला तर सोमवारी तारेचं कुंपण घालतो आणि गुलाब लावतो."

गुलाब! आमच्या घामावर गुलाब!

शुक्रवारी संध्याकाळी रखमाजीच्या हॉटेलात सगळे जमले. हॉटेल म्हणजे काय, चार बाकडी आणि एक चूल. लढाईमुळे साखर मिळत नव्हती, म्हणून चहा गुळाचा. टीमचा एकच माणूस आत होता, मधे खेळणारा बजरंग. आमचा लेफ्ट-आऊट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड, सावळा बाहेर पायरीवर बसून चहा पीत होता. बाकी सगळे माझ्यासारखे बघे. आणि बघ्यांची तोंडं कोण धरणार?

"बूट पायजेत," रखमाजी म्हणाला. "बुटाबिगर बॉलला जोरच न्हाई."

"मैदानाच्या वरच्या अंगानं खेळा," कोंडाजी म्हणाला. "वारं पाठीवर घ्या."

"बॉलच वाईट हाय," तिसरा म्हणाला. "शिवण उसवलीया त्येची."

मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि मग बाकावर हात आपटला. कप उडाले.

"बूट न्हाई, वारं न्हाई, शिवण न्हाई! खरं बोलायची लाज वाटती व्हय रं? बजरंग, तू सांग. बॉल तुज्या पायात आला की कुनाकडं मारतोस?"

बजरंग खाली बघायला लागला. "हौशीरामभाऊकडं."

"का?"

"का म्हंजी? मान हाय त्यांचा."

हौशीराम म्हणजे आमच्या पाटलाच्या घरातला थोरला. होळी त्यांच्या हातानं पेटते, पोळ्याला वेशीतून पहिला बैल त्यांचा निघतो. टीम निघाली तेव्हा कुणी काही न सांगता ठरून गेलं, की गोलही पाटलानंच मारायचा. माणूस वाईट नाही. पण वय चाळीस, पोट सुटलेलं, दहा पावलं पळाला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. आणि बाकीचे चार फॉरवर्ड, मोकळा गोल समोर दिसत असला तरी, बॉल त्याच्याकडे ढकलतात. समोरच्या टीमला हे दुसऱ्याच मॅचला कळलं. ते तीन माणसं हौशीरामभोवती उभी करतात आणि निवांत राहतात.

"सगळी दुनिया वळखती," मी ओरडलो, "आन् आमी बुटाचं बोलतोय! त्या सावळ्याला बघा. ठाकरवाडीतनं डोंगर उतरून येतो, मॅच खेळतो, पुन्हा डोंगर चढतो. डेपोतला एक गडी त्येच्या मागं पळू शकायचा न्हाई. गोल सावळ्यानं मारायचा. बास!"

"पाटलाला कोन सांगनार?" रखमाजीनं विचारलं.

"मी सांगतो!"

आणि मी सांगितलं. तसाच उठलो, लंगडत पाटलाच्या ओट्यावर गेलो, मागून सगळं हॉटेल आलं, पायरीवरचा सावळाही. हौशीराम सुपारी कातरत होता. मी एका दमात सगळं बोललो. त्यानं अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं. मैदान जायला नगं. बॉल सावळ्याला द्या. मी सोडला मान."

मला एवढं बरं वाटलं, की परत येताना मी सावळ्याच्या पाठीत थाप मारली. "ऐकलंस न्हवं? गोल तुजा." तो मान हलवून हसला आणि अंधार पडायच्या आत वाडीची वाट धरून गेला.

रविवारी सगळं गाव मैदानावर. शेठ खुर्ची टाकून बसलेला. पहिल्या अर्ध्या वेळात डेपोवाल्यांनी दोन मारले, पण मी शांत होतो, कारण बजरंग खरोखरच बॉल सावळ्याकडे देत होता आणि डेपोवाले सवयीनं हौशीरामलाच चिकटून होते. सावळा दोनदा मोकळा सुटला. एकदा बॉल बाहेर गेला, एकदा खांबाला लागला. गाव उठून उभं राहिलं.

पाच मिनिटं उरली असताना तो तिसऱ्यांदा सुटला. दोघांना मागे टाकलं, गोलकीपर पुढे आला, त्याच्याही बगलेतून बॉल काढला. समोर मोकळा गोल. एका लहान पोरानं फुंकर मारली असती तरी आत गेला असता.

आणि सावळ्यानं बॉलवर पाय ठेवला.

तो मागे वळून हौशीरामकडे बघत उभा राहिला.

"मार!" मी किंचाळलो. सगळं गाव किंचाळलं. खुद्द हौशीराम धापा टाकत ओरडला, "अरं मार की सावळ्या!" पण तो उभाच. हौशीराम धावत सुटला, चार पावलांवर पोचला, तेवढ्यात डेपोचा एक जण घसरत आला आणि बॉल थेट बंगल्याच्या भिंतीपलीकडे गेला.

शेठ उठला. खुर्ची उचलायला गडी धावला. मॅच संपली ती तशीच.

मी मैदानात घुसलो. गुडघा विसरलो. सावळ्याचं मनगट धरून त्याला गदागदा हलवलं. "का रं? खुळा का काय तू? पाटलानं सोडला हुता न्हवं मान! तुज्या कानांनी ऐकलंस तू!"

"भाऊंनी सोडला," सावळा म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण आवाज खाली होता. "मी गोल मारला असता तर तुमी मला खांद्यावं घेतलं असतं. भाऊ खाली उभं ऱ्हायलं असतं, समद्या गावाम्होरं. भाऊंचं भाताचं खाचर मी वाट्यानं लावतो, अंबाजीभाऊ. फुडल्या सालाला त्यांच्या घरातलं कुनी म्हनलं, ह्या सावळ्याला नगं, तर मी पोरास्नी काय घालू?"

"मग शुक्रवारी बोलला का न्हाईस? हितं मैदान गेलं आमचं! पायरीवं बसून ऐकत हुतास की समदं!"

सावळ्यानं माझ्या मुठीतून मनगट सोडवून घेतलं.

"ऐकत हुतो की," तो म्हणाला. "पर मला इचारलं कुनी?"