मर्व पास्कोचे दाराबाहेरचे बूट

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या बिर्नाडूल गावच्या लॉन बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात, ही गोष्ट ज्या ज्या वेळी निघाली, त्या त्या वेळी निम्म्या लोकांनी माना हलवल्या आणि उरलेले बिअर आणायला उठले. तरी ऐका. मेंढ्या वळणाऱ्या एका कुत्र्यानं मेलबर्नच्या भर रस्त्यात, भर दुपारी, बायकांची अख्खी बस वळवली आणि एका मालिशघरात नेऊन कोंडली. मालिशघर म्हणजे गुडघे चोळायचं नव्हे, तसलं. सरकारी परवान्याचं होतं, एवढंच त्यातल्या त्यात बरं. आणि हे सगळं झालं एका जोडी बुटांपायी.

बूट मर्वचे. मर्व म्हणजे आपल्या रेल्वे फाटकापलीकडचा, गहू आणि मेंढ्यावाला. डाव्या बुटाचं टोक त्याच्या कुत्र्यानं, डस्टरनं, लहानपणी चावलेलं, आणि उजव्याचं इलॅस्टिक तुटलं म्हणून गवताचे गठ्ठे बांधायच्या नारिंगी दोरीनं घट्ट केलेलं. चर्चच्या पायरीवर हे बूट दिसले की मर्व आत आहे हे पाद्रीबाबांनाही न बघता कळायचं.

मर्वची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर त्याला कोणाचा हात म्हणून लागला नाही. मेंढ्यांच्या लिलावात कोणी हात मिळवला तर तेवढाच, आणि घरी डस्टरचं ओलं नाक. अंगाला ही सवय कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही. कळलं ते क्लबाच्या जेवणात. लॉरेल हेन्शल त्याच्या शेजारी बसली होती. आपल्या पोस्टात जन्म घालवलेली, सगळ्या गावाची पत्रं हाताळून एकाचीही वाच्यता न केलेली बाई. तिनं सहज त्याच्या पाठीवर हात ठेवून भोपळ्याचं सूप आणखी हवं का म्हणून विचारलं. विजेच्या कुंपणाला टेकल्यासारखा मर्व उडाला. सूप अध्यक्षांच्या पांढऱ्या पँटीवर गेलं. पँट धुतली गेली, पण लॉरेलनं हात मागे घेतला तो घेतलाच. पुढच्या रविवारी ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

तिला सांगायचं तरी काय? तुझा राग नाही, माझ्या पाठीला हात कसा असतो ते आठवत नाही, असं? मर्वनं ते वाक्य मेंढ्यांसमोर बोलून पाहिलं. मेंढ्यांना पटलं, त्याला पटेना. आणि वसंतातला क्लबाचा नाच तोंडावर आलेला. नाचात बाईचा हात सबंध गाणंभर खांद्यावर असतो. तिथे उडाला तर लॉरेल पुन्हा जवळ येणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्या धास्तीनं त्याची झोप गेली.

तो आधी तालुक्याच्या फिजिओकडे जाऊन आला. त्या पोरानं कणीक तिंबावी तशी पाठ तिंबली, पण पाठ हूं की चूं करेना. पाठीला दुरुस्ती आणि माया यातला फरक कळत होता. घाबरत होती ती मायेला. मग लोकर कातरायला आलेल्या गड्यांच्या गप्पांत शहरातल्या लाडाच्या मालिशीचा विषय निघाला. मर्व लोकर निवडत असल्याचं दाखवत सगळं कान देऊन ऐकत राहिला.

तेव्हापासून त्याच्या डोक्याला भुंगाच लागला. कोणी खिसा कापला तर? कोणी फोटो काढून गावात पाठवला तर? रोग लागला तर? पण त्याला सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. ती बाई तिथे मनाविरुद्ध असली तर? घाबरलेल्या हातानं आपली पाठ काय शिकणार, ती आणखीच घाबरेल. म्हणून त्यानं ठरवलं, मेंढा विकत घेताना बघतो तसं बघायचं. कागद बघायचा, आवार बघायचं, आणि फाटक आतून उघडतं की नाही ते बघायचं.

मेलबर्नच्या शेतीप्रदर्शनात डस्टरची स्पर्धा होती, तेवढं निमित्त पुरलं. स्पर्धा उरकून मर्वनं पिकअप गोदामांच्या भागात तीन गल्ल्या अलीकडे एका झाडाखाली लावली. डस्टरला पाणी ठेवलं, साखळी बांधली, टोपी भुवयांपर्यंत ओढली. कोणी विचारलं तर दातांच्या डॉक्टरकडे चाललोय म्हणायचं ठरवलं, आणि म्हणून वाटभर गालाला हात लावून चालला.

पहिली जागा त्याला वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिरातीत सापडली होती. जाहिरातीत परवान्याचा नंबर नव्हता, आणि त्या काळी तो छापावाच लागायचा. पण मर्वला वाटलं, छापायचा राहिला असेल. काचा काळ्या. आत एक जाडजूड बाबा पाय पसरून बसलेला, आणि मागे पडद्याशी एक बाई उभी. मर्वनं टोपी काढून तिलाच विचारलं, बाई, तुमचं नाव काय. नाव त्या बाबानं सांगितलं. इथे किती दिवस काम करता, म्हणून विचारलं. तेही त्यानंच सांगितलं. परवाना कुठे आहे म्हटल्यावर तो हिशेबनिसाकडे असल्याचं कळलं. तेवढ्यात मर्वची नजर पडद्यामागच्या दाराकडे गेली. कडी बाहेरून होती.

मर्व म्हणाला की दाढ फारच ठणकतेय, आणि बाहेर पडला. कोपऱ्यावर येऊन थांबला. तसाच पिकअपमध्ये बसून घरी जावं असं त्याला वाटलं. पण ती पडद्याशी उभी असलेली बाई डोळ्यांपुढून हलेना. तिच्याबद्दल कोणाला सांगायचं, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

दुसरी जागा पुढच्याच रस्त्यावर होती. हिला नंबर होता, दारावर ठळक. दार स्वच्छ, पायरी नुकती धुतलेली, शेजारी तुळशीसारख्या वासाच्या कसल्याशा झाडाची कुंडी. आणि इथे मर्वकडून ती गोष्ट झाली. टोपी, दाढ, तीन गल्ल्या अलीकडची गाडी, सगळी खबरदारी घेतलेला हा माणूस धुतलेली पायरी पाहून थांबला. जन्मभर जे केलं तेच त्याच्या पायांनी केलं. बूट काढून पायरीवर नीट जोडीनं ठेवले, टोकं रस्त्याकडे, आणि मोज्यांवर आत गेला. शेताची धूळ घेऊन कोणाच्या घरात जायचं नसतं, हे आपल्याकडे शेळीच्या पिल्लालाही कळतं.

आत उंच टेबलामागे इलेनी नावाची सत्तरीची ग्रीक बाई विणत बसली होती. टेबल उंच असल्यामुळे तिला त्याचे पाय दिसले नाहीत, नाहीतर गोष्ट इथेच संपली असती. परवाना तिच्या डोक्यामागे, तिच्या नातवंडांच्या फोटोंशेजारी. मर्वनं तो दोनदा वाचला, तारीखही बघितली.

"वाच बाळा, सावकाश वाच," इलेनी म्हणाली. "जे वाचत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते."

तिला बाळ म्हणायला फार तर तीनचार वर्षांचा फरक असेल, पण मर्वला बरं वाटलं. त्यानं आधी त्या कडीच्या दाराची गोष्ट सांगितली. इलेनीच्या सुया थांबल्या. तिनं पत्ता विचारला, फोन उचलला आणि त्याच्यासमोरच ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं. मग इथली रीत सांगितली. आधी अंघोळ. मग तब्येतीची तपासणी, तीही दिव्याखाली, लाजायचं नाही. प्रत्येक खोलीत घंटेचं बटण आहे, दार आतून उघडतं, आणि बाईला नको वाटलं तर ती कधीही नाही म्हणेल, का ते विचारायचं नाही.

"आणि मला नको वाटलं तर?" मर्वनं विचारलं.

"तूही म्हण. बटण तुझ्याही हाताला येईल असंच बसवलंय."

टॅम्सिन चाळिशीची होती, आणि स्वतःचं नाव तिनं स्वतः सांगितलं. मर्वनं तिला किती दिवस झाले विचारलं, राहता कुठे विचारलं, जेवलात का विचारलं. शेवटी ती म्हणाली की काका, तुम्ही माझी मुलाखत घ्यायला आलात की पाठ घेऊन आलात. मग तो पालथा झोपला. तिनं खांद्यांच्या मधोमध हात ठेवला आणि मर्व मेजावरून वीतभर उडाला.

टॅम्सिननं हात काढून घेतला. रागावली नाही, हसलीही नाही, नुसती थांबली. तेव्हा, तोंड खाली असल्यामुळे असेल, मर्वनं जमिनीला सगळं सांगितलं. सूप, अध्यक्षांची पँट, लॉरेलचं दुसरं टेबल, नाच.

"घोडं कधी शिकवलंयत?" तिनं विचारलं.

"पुष्कळ."

"मग मला सांगा, पहिल्या दिवशी काय करता?"

मर्वनं सांगितलं. हात ठेवायचा, त्याच्या कातडीला थरथर सुटायच्या आत काढायचा. पुन्हा ठेवायचा. सारखं बोलत राहायचं, आवाज खालचा. टॅम्सिननं तसंच केलं. हात ठेवला, काढला, ठेवला. बोलत राहिली, तिच्या गळक्या छताविषयी आणि एका आगाऊ बोक्याविषयी. मर्वची पाठ आधी दगड झाली, मग लाकूड, मग चामडं, आणि बऱ्याच वेळानं कधीतरी ती नुसती पाठ झाली. तो हात तिथे आहे हे त्याला आठवेनासं झालं, आणि मग आठवलं तेव्हा तो हात तिथेच असावा असं वाटलं. पुढे काय झालं ते मर्वनं सांगितलं नाही. आम्ही विचारलं, नाही असं नाही.

आता रस्त्यावर या. त्याच दुपारी आपल्या क्लबाच्या बायका शहरातल्या क्लबाशी सामना हरून बसमधून परतत होत्या. सिग्नलला बस थांबली. खिडकीतून एक बाई म्हणाली की अगं, ते बघ, मर्वचे बूट. दुसरी म्हणाली मर्व कशाला इथे येतोय. तिसरीनं दारावरची पाटी वाचली, आणि बसमध्ये जी शांतता पसरली ती चर्चमध्येही कधी झाली नव्हती. लॉरेल मागच्या बाकावर होती. तिनंही पाहिलं.

आणि तिकडे तीन गल्ल्या पलीकडे डस्टर साखळी तोडून उभा राहिला. वाऱ्यावर त्याला बुटांचा वास आला असणार. धनी आत, बूट बाहेर, आणि कळप रस्त्यात मोकळा, हे त्या कुत्र्याला कसं बघवणार? तो वाऱ्यासारखा आला, बसच्या उघड्या दारातून आत शिरला आणि कामाला लागला. सेक्रेटरीबाईंना त्यानं एका नजरेत उतरवलं. अध्यक्षांची बायको अडून बसली तर तिच्या गुडघ्याखाली जाऊन नुसता गुरगुरला. एकेक करत सगळ्या बायका फुटपाथवर, फुटपाथवरून पायरीवर, पायरीवरून इलेनीच्या बैठकीत. इलेनीनं तीळ लावलेली बिस्किटं काढली. एका बाईनं परवाना वाचला आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

राहिली लॉरेल. ती बिचारी पायरीपाशी ते बूट हातात घेऊन उभी. आत जायची तिची अजिबात इच्छा नव्हती, तोंड पांढरंफटक, परत बसकडे वळणार एवढ्यात डस्टर तिच्या मागून आला, तिच्या टाचेला नाक लावलं, आणि अशी ढकलली, अशी ढकलली की...

इथे नेहमीप्रमाणे क्लबात कोणीतरी खोकलं. चहाच्या भांड्यापाशी मर्व बसला होता, पायात मोजे, बूट दाराबाहेर. त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, कितीतरी वेळ एक हात होता, आणि मर्व काही उडत नव्हता. हात लॉरेलचा होता. दुसऱ्या हातातला कप तिनं खाली ठेवला.

"कुत्रा पिकअपमध्ये झोपला होता," ती म्हणाली. "आणि बाकी कोणी बसमधून उतरलंच नाही. मी एकटी उतरले, माझ्या पायांनी आत गेले, आणि हे बूट मांडीवर घेऊन याची वाट बघत बसले."